बिनविम्याच्या टँकरचं वाण

घुमऱ्यांच्या घरात जावई म्हणजे साक्षात विष्णू, ही गोष्ट तीन पिढ्यांपासून वादातीत होती. अधिक महिन्यात तर लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून त्यांची पूजाच व्हायची. पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. यंदाच्या दुष्काळात पाय धुवायचं पाणी तांब्यावरून वाटीवर आलं होतं, पण भाव तोच होता. अशा या अधिकात, धोंड्याचं आवतण मिळून तलवाड्याहून मोटारसायकलवर निघालेला थोरला विष्णू पालीच्या रस्त्याला घुमऱ्यांच्याच टँकरच्या अपघातात सापडला. विष्णूची मांडी मोडली. टँकरला विमा नव्हता.

टँकर तसा घुमऱ्यांचा नव्हता. तो 'कैलासवासी धोंडीराम घुमरे दूध उत्पादक सहकारी संस्थे'चा होता, आणि संस्था सभासदांची होती. पण टँकर कुणाचा म्हणून गावात विचारलं, तर लहान पोरगंसुद्धा आप्पाराव चेअरमनच्या घराकडं बोट दाखवी. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही म्हटल्यावर गावातली निम्मी जनावरं बाजारात आणि निम्मी छावणीत गेली, दूध आटलं, तेव्हा आप्पारावांनी दुधाचा टँकर पाण्याला लावला. दुधात पाणी घालायची संस्थेला सवय होतीच, आता नुसतं दूध घालायचं बंद झालं, असं विरोधक म्हणत. विरोधकही त्याच टँकरचं पाणी पीत आणि त्याला सायीचा वास येतो म्हणून तक्रार करत.

विम्याचं म्हणाल, तर हप्ता भरण्याचा ठराव संचालक मंडळासमोर अगदी वेळेवर आला होता. सूचक, अनुमोदक, टाळ्या, सगळं रीतसर. ठराव इतक्या एकमतानं मंजूर झाला, की विमा भरलाच, असं प्रत्येकाला वाटलं. मग चहा आला, आणि लोक समाधानानं घरी गेले.

वत्सला या समाधानाला लहानपणापासून ओळखून होती. आप्पारावांची ती थोरली लेक. अनारशाचं पीठ मळायला म्हणून ती माहेरी आधीच येऊन बसली होती, आणि टँकरचा ड्रायव्हर बद्रीनाथ याचा फोन आला तेव्हा ती आप्पारावांच्या शेजारीच होती. "आप्पा, आपल्या टँकरचा अन् आसाराम दाजीचा ॲक्सिडेंट झालाय," एवढं बद्रीनाथ बोलला. त्यावर आप्पारावांनी पहिला प्रश्न विचारला, तो "टँकरला काय झालं न्हाई ना?" हा होता. पुढं त्यांनी बद्रीनाथला असं काही फैलावर घेतलं, की त्या बिचाऱ्याला दुसरं वाक्य बोलायला जागाच उरली नाही. शेवटी तोच दाजीला टेम्पोत घालून बीडला घेऊन गेला. पोलिसात जायचं नाही, घरातलं आहे, घरात मिटवू, असं आप्पारावांनी जाहीर केलं, आणि ते दूध संघाच्या निवडणुकीच्या बैठकीला गेले. तिथं फोन बंद ठेवायची पद्धत होती.

त्यामुळं डॉक्टरनं मांडीत रॉड घालायचं सांगितलं, तेव्हा वत्सलानं गळ्यातली बोरमाळ काढली आणि बीडच्या एका पतसंस्थेत ठेवली. ती बोरमाळ तिच्या आजीची. आजीनं ती आईला, म्हणजे लेकरं जिला 'बाई' म्हणत त्या केसरबाईला दिली, केसरबाईनं लग्नात वत्सलाला. तीन बायकांच्या गळ्यात मिळून ती कधी तिजोरीत गेली नव्हती. तेव्हापासून वत्सला पदर गळ्याशी घट्ट धरून हिंडत होती, आणि एकच गोष्ट तिनं मनाशी पक्की केली होती. बोरमाळ घेतल्याशिवाय तलवाड्याला परत जायचं नाही.

नवऱ्याकडून काही मदत होईल, असं दिसत नव्हतं. दवाखान्यात तिनं त्याला दोनदा विचारलं होतं, की नेमकं झालं तरी कसं. आसाराम डोळे मिटून म्हणाला होता, "झालं ते झालं वत्सला. कुणाला दोष देऊन काय फायदा?" ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम माणूस. पाच-पन्नास कोयत्यांना एका शिवीत उभं करणारा. त्याच्या तोंडून असलं संतासारखं वाक्य ऐकून तिला भरून आलं होतं.

पुढं ढकललेला धोंड्याचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत दिवाणावर आसाराम आडवा, मोडका पाय सरकी पेंडीच्या रिकाम्या पोत्यांच्या घडीवर. वर भिंतीवर आप्पारावांचे सत्काराचे फोटो, ओळीनं. धारूरचा धाकटा जावई अर्जुनराव बायकोला, म्हणजे सुभद्राला, घेऊन इस्त्रीच्या कपड्यांत आला. त्यानं आधी साडूचा पाय बघितला, "लई वाईट झालं" म्हणाला, आणि मग नजर कोपऱ्यातल्या वाणाच्या ताटाकडं वळवली.

"बसा पाव्हणं, बसा," आप्पाराव म्हणाले. "धोंडे व्हायला येळ हाय. तवर एक विषय घेऊन टाकू."

विषय घेणं ही आप्पारावांची जगायची रीत होती. घरात लेकरू तापलं तरी ते विषय घेत, आणि चर्चेअंती त्याला डॉक्टरकडं न्यायचं ठरे.

"विषय असा, की आसाराम पाव्हण्यांना जो काही तरास झाला..."

"तरास?" वत्सला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुरण वाटत होती. "मांडीत हातभर लोखंड हाय आप्पा. तरास कशाला म्हनता?"

"बरं, लोखंड. तर त्या लोखंडापायी भरपाई द्यावी, यावर कुणाचं दुमत न्हाई. मुद्दा एवढाच, की ती कोणत्या सदरात द्यायची."

"भरपाईला सदर एकच असतंय," रामहरी म्हणाला. वत्सलाचा हा धाकटा भाऊ बीडला वकिली करायचा. वकिली म्हणजे प्रतिज्ञापत्रं आणि भाडेकरार. शिवाय तो संस्थेचा कायदा सल्लागारही होता, पण संस्था कायद्याचा सल्ला फारसा घेत नसे. "मोटार अपघाताचं कोर्ट बीडलाच हाय. दाजींनी दावा लावायचा. ड्रायव्हर एक नंबर, गाडीमालक दोन नंबर, विमा कंपनी तीन नंबर. निकाल लागला की कंपनी भरती."

"आपल्याकडं तीन नंबर न्हाईच," आप्पाराव म्हणाले.

"म्हणून तर दोन नंबरनं भरायचं. सगळं. विमा असता तर तुमाला कोर्टात नुसती हजेरी लावावी लागली असती."

"अन् पुढल्या महिन्यात संघाची निवडणूक हाय, त्याचं काय? 'जावयानं सासऱ्यावर दावा लावला', म्हणून इरोधकाची माणसं जीपला भोंगा बांधून गावोगाव फिरतील. तू सोताच्या बापाचं डिपॉझिट घालवायला वकील झाला का बे?"

रामहरी बॅगेच्या चेनशी खेळायला लागला. वत्सलानं त्याच्याकडं बघितलं. काल संध्याकाळी याच भावानं तिला गोठ्यामागं नेऊन सांगितलं होतं, "आक्का, काळजी करू नको, म्या तुझ्या बाजूनं हाय." आज तो तिच्या बाजूनंच होता, फक्त आवाज येत नव्हता.

"आता माझी सूचना ऐका," आप्पाराव पुढं सरसावले. "अधिक महिना चालू हाय. जावयाला वाण द्यायचंच असतंय. यंदा वाण जरा जड देऊ. तांब्याचं ताट, चांदीचा दिवा, अनारसे, अन् अनारशाच्या खाली पाकीट. कोर्ट न्हाई, कचेरी न्हाई, वर पुण्य मिळंल ते येगळंच."

वत्सलाच्या हातातलं पुरण थांबलं. बापाच्या डोक्याचं तिला कधी कधी मनापासून कौतुक वाटे. बिनविम्याच्या टँकरपायी द्यावी लागणारी भरपाई या माणसानं एका दमात पुण्याच्या खात्यावर वळती केली होती.

अर्जुनरावानं घसा साफ केला. "मामा, मधी बोलतो म्हणून राग मानू नका. पण वाण म्हनलं की दोन्ही जावयांना सारखं. आजपत्तोर घुमऱ्यांनी डावं-उजवं केलं न्हाई. तुमचं नाव हाय त्यात."

"अवो पाव्हणं, त्यांचा पाय मोडलाय."

"मोडलाय ना. मला काय दिसंना का? पर पायाचं पायापरी, वाणाचं वाणापरी. उद्या धारूरला आमची भावकी इचारंल, थोरल्याला पाकीट अन् तुला नुसतेच अनारसे, कावून? म्या काय सांगू?"

"सांगा की तुमी टँकरखाली आले न्हाईत म्हणून," रामहरी म्हणाला.

"मग तसं तरी सांगा की. टँकर कोणत्या रस्त्यानं येतो? म्या जातो आडवा."

दिवाणावर आसाराम इतका हसला, की त्याला पाय धरावा लागला. "साडूभाऊ, दिसतंय तेवढं सोपं न्हाई ते."

"तुमाला निम्मं देऊ," आप्पाराव म्हणाले.

"विष्णू काय निम्मा असतोय का मामा?"

आत सुभद्रानं कपाळाला हात लावला. "लाज वाटती का या माणसाला?" ती पुटपुटली, आणि मग वत्सलाकडं सरकून, आवाज आणखी बारीक करून म्हणाली, "पण आक्का, तू मनावर घेऊ नको, सारखं तर द्यायलाच पायजे. न्हाईतर माझी सासू मला वर्षभर ऐकवंल."

केसरबाई चुलीशी होत्या. घरात गॅस होता, पण धोंडे चुलीवरच उकडायचे, हा त्यांचा कायदा होता, आणि त्यात दुरुस्ती होत नसे. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. कणकेचे उंडे भरून झाले, चाळणीत मांडले, तेव्हा त्यांनी हळदी-कुंकवाची कोयरी घेतली आणि पूजेआधी लेकीला कुंकू लावायला उंबऱ्यावर आल्या. वत्सलाचे दोन्ही हात पुरणानं भरलेले. केसरबाईनं कुंकू लावलं, हळद लावली, आणि गळ्याला हळद लावायला म्हणून पदर बाजूला केला.

"वच्छे. बोरमाळ कुठाय?"

"ठिवलीय."

"कुठं ठिवलीय?"

"बीडला."

"बीडला कुणाच्या घरी?"

वत्सलानं पुरणाच्या हातानंच पदर परत गळ्यावर ओढला. रामहरीनं घसा खाकरला. "पतसंस्थेत हाय, बाई. दाजींच्या रॉडपायी ठिवावी लागली. तवा आप्पांचा फोन बंद व्हता."

केसरबाईनं कोयरी खाली ठेवली. आत गेल्या. चुलीवरचं पातेलं, वर धोंड्यांची चाळणी, तसंच्या तसं उचलून त्यांनी खाली उतरवलं, आणि जाळ मागं ओढून त्यावर राख सारली.

"अगं, काय करायलीस?" आप्पाराव उठून उभे राहिले. "पाव्हणे उपाशी हायेत."

"ऱ्हाऊ द्या. विष्णूला उपास चालतोय." त्यांनी हात झटकले. "माझ्या आईची बोरमाळ सावकाराच्या कपाटात, अन् तुमी हितं पुण्याच्या गोष्टी करायलेत. पोरीच्या गळ्याचं काय ते ठरवा. मंग धोंडे शिजतील."

पुरणाचा वास एव्हाना घरभर पसरायचा तेवढा पसरला होता. अर्जुनराव सकाळी धारूरहून चहावर निघालेला माणूस. तो पहिला खचला.

"वकीलसाहेब," त्यानं रामहरीला विचारलं, "समजा दावा लावला. संस्थेकडं द्यायला नसंल तर?"

"नसंलच," रामहरी म्हणाला. "मग कोर्ट बघतं, संस्था चालवतं कोण. संचालकांच्या दारात यायला कोर्टाला लई लांब पडत न्हाई." आणि तो अर्जुनरावाकडं बघत राहिला.

अर्जुनराव संस्थेचा संचालक होता. संस्था नोंदवताना माणसं कमी पडली, तेव्हा आप्पारावांनी नात्यातली नावं भरली होती. अर्जुनरावाचं धारूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं, आणि त्यानं आयुष्यात म्हशीचं शेपूटही धरलं नव्हतं. कागदावर मात्र त्याच्या दोन म्हशी होत्या, आणि दोन्ही दुभत्या होत्या.

"मामा," तो म्हणाला, "मी इचार केला. तुमचंच बरोबर हाय. वाणच द्या. थोरल्या साडूंना पाकीट द्या, मला नारळ दिला तरी चालंल. घरात कोर्ट नको."

"हे बघा! ही समजूतदारी!" आप्पाराव खूश झाले. "वत्सला, झालं का मग? मिटलं."

सगळ्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं. वत्सलानं पाटा बाजूला सारला.

"पाकिटात काय असंल आप्पा?"

"वाणात काय हाय, ते कुणी इचारतं का? रीत हाय का तशी?"

"न्हाई ना. म्हणूनच आधी इचारती." तिनं पदराला हात पुसले. "तुमचं पाकीट म्या लहानपणापासून बघत आले. वरून फुगीर, आत वर्तमानपत्र. माझ्या बारशाला आत्याला दिलतं तुमी तसलं, बाई अजून सांगती. वाण एकदा घेतलं, की तोंड उघडता येत न्हाई. कमी पडलं म्हनलं, तर पाप लागतंय. मला पुण्यबी नको अन् पापबी नको. मला बोरमाळ पायजे. दावा लावा."

"म्हणजे माझं डिपॉझिट..."

"तुमी भोंग्याला भेता कावून? भोंगा तुमीच बांधा की."

"काय म्हणून बांधू?"

"म्हणायचं, जिल्ह्यात चेअरमन लई झाले. पर एका गरिबाला न्याय मिळावा म्हणून सोताच्या संस्थेवर सोता दावा लावायला लावणारा चेअरमन एकच. सोयरा हाय म्हणून मिटवामिटवी केली न्हाई. कायद्याच्या वाटंनं गेला."

आप्पारावांनी छताकडं पाहिलं. लोडशेडिंगमुळं पंखा बंद होता, पण त्यांच्या नजरेत काहीतरी फिरायला लागलं होतं. वत्सला ते फिरणं ओळखत होती.

"यात गरीब कोण?" त्यांनी विचारलं.

"हे की." तिनं नवऱ्याकडं बोट केलं. आसारामनं लगेच चेहरा गरीब केला. मुकादमकीत उपयोगी पडणारा तो चेहरा होता, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यासमोर काढायचा.

"'दुधासारखा स्वच्छ कारभार'," आप्पाराव हळूच म्हणाले. "हे मधी घालता यील."

"शोभून दिसंल," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज आता परत आला होता. "अन् पेपरवाल्याला मीच सांगतो. बातमी आपल्याकडून गेली, की आपल्या बाजूची होती."

"मामा, मामा, जरा थांबा," अर्जुनराव घाईनं म्हणाला. "संस्थेवर दावा म्हणजे संचालकांवर. संचालकांना न इचारता हे ठरंल कसं? मत घ्या. माझा इरोध हाय."

"बरोबर हाय," आप्पाराव म्हणाले. पद्धतीचा प्रश्न आला की ते सख्ख्या जावयाचंही ऐकत. "मत घेऊ. भावकीतले बाकीचे संचालक तर काय, सहीपुरते. आपणच हाव."

"मी कोण हाय त्या संस्थेत?" आतून केसरबाईनं विचारलं.

"तुमी उपाध्यक्ष हायेत बाई," रामहरी म्हणाला. "दोन जागा बायकांसाठी राखीव असत्यात. एक तुमी, एक सुभद्रा."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. सह्या करता की तुमी."

"मला वाटायचं ते रेशनचं हाय." केसरबाई बाहेर आल्या. "बरं. मत द्यायचं म्हणजे हात वर करायचा ना? हा केला. दावा लावा."

कणकेनं पांढरा झालेला तो हात वर राहिला. संस्थेच्या इतिहासात महिला प्रतिनिधीनं सभेत भाग घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि इतिवृत्त लिहायला कुणी नव्हतं. सुभद्रानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा बहिणीच्या मोकळ्या गळ्याकडं, आणि पुरणाचा हात वर केला.

"तू?" अर्जुनराव म्हणाला. "अगं, आपल्या दुकानावर यील ते!"

"येऊ द्या. तुमच्या म्हशी इका."

सल्लागाराला मत नसतं, तरी रामहरीनंही हात वर केला. आप्पारावांनी, वारा कुठं वाहतोय ते बघून, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत उंच हात वर केला.

"माझं तटस्थ," अर्जुनराव म्हणाला.

"पण निकाल लागायला किती वर्सं जातील?" केसरबाईनं विचारलं. हात अजून वरच होता. "तवर पोरीचा गळा मोकळाच का?"

आता आप्पाराव कोंडीत सापडले, पण कोंडी सन्मानाची होती. "असं करू," ते म्हणाले. "ज्या दिवशी दावा दाखल होईल, त्याच दिवशी मी माझ्या खिशातून बोरमाळ सोडवतो. पुढं कोर्टानं निकाल दिला, की माझं मला. पण आधी दावा दाखल झाला पायजे. दाव्याबिगर मी फोटो कशाचा काढू?"

"बाईच्या शपथेवर सांगा," वत्सला म्हणाली.

"तुझ्या बाईच्या शपथेवर."

केसरबाईनं हात खाली घेतला, आत जाऊन राख बाजूला सारली आणि चुलीला फुंकर घातली. वत्सलानं भिंतीला पाठ टेकली. माहेर तुटलं नाही, नवऱ्याचं नाव राहिलं, आणि बोरमाळही येणार. इतकं सगळं एका दिवसात साधेल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. तिनं गळ्याला हात लावून पाहिला, जणू आतापासूनच ती तिथं होती.

धोंडे शिजले. पूजा झाली. दोन्ही जावयांचे पाय धुवायचे होते, तर आसारामचा एकच धुतला. दुसऱ्याला नुसतं कुंकू लावलं. पाटावर बसता येत नाही म्हणून त्याला दिवाणावरच ताट दिलं, आणि केसरबाईनं तुपाची वाटी त्याच्या हाताशीच ठेवली. आता वातावरण लग्नघरासारखं झालं होतं. अर्जुनरावसुद्धा तिसऱ्या धोंड्यानंतर तटस्थ राहिला नाही. "लावा दावा, बघू काय होतंय ते," म्हणून तो चौथ्याकडं वळला.

"दावा तयार हाय," रामहरीनं बॅगेतून कागद काढले. "आक्काला सांगितलं न्हाई, पण म्या कालच लिहून ठिवला. आधी पोलिसात तक्रार देऊ, मग हा."

"तू तर संस्थेचा वकील ना?" आप्पारावांनी विचारलं.

"संस्थेकडून दुसरा मित्र उभा करतो. तो माझंच ऐकतो. आता वाचतो, कुणाला काय घालायचं असंल तर सांगा. दाजी, तुमी निस्ती शेवटी सही करा." त्यानं आवाज लावला. "'अर्जदार हे आपल्या मोटारसायकलवरून रस्त्याच्या डाव्या बाजूने, सावकाश व वाहतुकीचे सर्व नियम पाळून, सासुरवाडीस धार्मिक कार्यासाठी जात असताना...'"

"'धार्मिक कार्य' भारी हाय," आप्पाराव म्हणाले.

केसरबाईनं पोथी ऐकावी तसे हात जोडले होते.

"'...समोरून गैरअर्जदार क्रमांक दोन यांच्या मालकीचा टँकर भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे येऊन...'"

"ते 'भरधाव' काढ," आसाराम म्हणाला.

इतक्या दिवसांत अपघात कसा झाला याबद्दल त्यानं काढलेला हा पहिलाच शब्द होता. वत्सलाचा ऊर पुन्हा भरून आला. एवढी मांडी मोडली, तरी सासऱ्याच्या टँकरला कमी-जास्त बोललेलं या माणसाला खपत नव्हतं.

"दाजी, भरधाव लागतंच," रामहरी म्हणाला. "ड्रायव्हरची चूक दाखवल्याबिगर दावा टिकत न्हाई."

"काढ म्हनतो ना. शपथेवर सही करायची हाय मला. त्यात अधिक महिना."

"बरं, भरधाव काढतो. नुसतं 'वेगाने' ठिवतो."

"येगबी नको."

"मग काय, 'टँकरनं सावकाश येऊन धडक दिली', असं लिहू? जज्ज हसंल दाजी."

आसारामनं धोंडा फोडला. आत तूप ओतलं, ते पुरणात मुरेपर्यंत थांबला. "आला न्हवता रे तो," तो म्हणाला. "मी आलतो."

कागद रामहरीच्या हातात तसाच राहिला. "म्हंजी?"

"म्हंजी मी आलतो. तुमी सगळ्यांनी टँकरनं उडवलं, टँकरनं उडवलं म्हणून चालवलं. मला कुणी इचारलंच न्हाई. जावयाला कोण काय इचारतंय?"

"अवो," वत्सलाचा आवाज चमत्कारिक निघाला, "मग तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

"टँकरच्या मागं आप्पांचा नवीन फोटो लावलाय ना, निवडणुकीचा. ते आप्पाच हायेत का दुसरं कुणी, ते बघायलतो."

सगळ्यांनी आप्पारावांकडं पाहिलं. आप्पारावांनी भिंतीवरच्या आपल्या फोटोंकडं पाहिलं, आणि मग, चेअरमन या नात्यानं जो प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला.

"अन् टँकर?"

"उभा व्हता," आसाराम म्हणाला. "रस्त्याकडच्या विहिरीवर. पाणी भरायलता."